माहेर न सांगणारं फळ

बाईंच्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असायच्या: दाढीचं ब्लेड, घडीचं भिंग आणि आयोडिनची छोटी बाटली. या तिन्ही गोष्टींपायी कुवेतच्या विमानतळावर त्यांना दर सुट्टीला बाजूला घेतलं जायचं, आणि दर सुट्टीला बाई तिथल्या अधिकाऱ्याला आयोडिनचा थेंब बटाट्यावर पडला की काय होतं ते समजावून सांगायच्या. एकदा त्या अधिकाऱ्याने म्हणे स्वतःच्या डब्यातला पावाचा तुकडा आणून खात्री करून घेतली, तो निळा झालेला पाहून दुसऱ्यालाही बोलावलं आणि तेवढ्यात बाईंचं विमान सुटलं. हे बाईंनीच सांगितलेलं, त्यामुळे खरंच असणार. बाईंना थाप मारता येत नसे.

सलवातल्या एका भारतीय शाळेत त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी रसायनशास्त्र. दोन्ही प्रयोगशाळांच्या मधे एकच भिंत होती आणि धुण्याचं बेसिनही एकच, त्यामुळे आमची ओळख परीक्षानळ्या धुता धुता झाली. त्या सांगलीच्या, मी नगरचा. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'बाई' म्हणा, सरळ. त्यामुळे मल्याळी मुख्याध्यापकांपासून इजिप्तच्या बसड्रायव्हरपर्यंत सगळी शाळा त्यांना बाईच म्हणायची. फिलिपिनो नर्सला मात्र तेवढ्याने अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून ती त्यांना मिस बाई म्हणायची.

त्या आयोडिनच्या बाटलीने आमच्या मंडळींत बरीच नाती बिघडवली. एका दिवाळीच्या जेवणात पनीरची भाजी होती. बाईंनी बोलता बोलता पर्समधून बाटली काढली, एक थेंब पनीरवर टाकला, पनीर निळंशार झालं आणि बाई यजमानीणबाईंना अगदी प्रेमाने म्हणाल्या की यात स्टार्च आहे, दुकान बदला. यजमानीणबाईंनी दुकान बदललं की नाही ते माहीत नाही, पण पुढच्या दिवाळीला आमंत्रणांची यादी मात्र बदलली. आपल्याला का बोलावलं नाही हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांना ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

झाडंपानं, फळं-फुलं ही त्यांच्या लेखी नात्यागोत्यातली माणसं होती. नवीन फळ समोर आलं की त्या ते हातात घेऊन, डोकं जरा तिरकं करून, कुणाची गं तू, म्हणून विचारत. मग देठ बघायचा, वास घ्यायचा, ब्लेडने चीर देऊन आत डोकवायचं आणि निकाल सांगायचा. रांबुतान आपल्या रिठ्याच्या घरातलं. पिस्ता, काजू, बिब्बा आणि आंबा ही चुलत भावंडं. ड्रॅगनफ्रूट काय, निवडुंगाची लेक, सासरी जाऊन शेफारलेली. फळाचं नाव सांगणं ही त्यांच्या मते अर्धीच ओळख. माहेर सांगता आलं पाहिजे. मला त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हाही त्यांनी नावाच्या आधी गाव विचारलं होतं आणि गावाच्या आधी गावातली झाडं.

अर्धी ओळख म्हटलं, पण अर्धा मार्क मात्र त्यांच्या राज्यात नव्हता. येतं किंवा येत नाही. अर्धा खिळा ठोकून कुणी तसबीर टांगतं का, असं त्या विचारायच्या. पालक येऊन भांडले, मुलं रडली, एकदा मुख्याध्यापकांनी मध्यस्थी केली, पण अर्धा मार्क कुणाला मिळाला नाही. शिवाय पेपरावरचे लाल शाईतले शेरे त्या मराठीत लिहायच्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात केरळपासून काश्मीरपर्यंतची मुलं. पण रागावताना मला इंग्रजी सुचत नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे पेपर मिळाले की अख्खा अकरावीचा वर्ग सकीनाभोवती जमायचा. सकीना रत्नागिरीकडची, तिच्या वडिलांचं फर्वानियात शिंप्याचं दुकान. ती वर्गाची अधिकृत दुभाषी होती. 'पानं छान, मुळं कुठे पळाली?', 'हे वाक्य तुझं नाही, ज्याचं आहे त्याला परत कर', 'हे फळ आहे की बैल?' असले शेरे ती गंभीर चेहऱ्याने भाषांतर करून सांगायची. एक शब्दही इकडचा तिकडे नाही. कुणी गयावया केली तरी ती शेरा मवाळ करून सांगत नसे. बाईंची खरी शिष्या.

कॉपीचं तर विचारूच नका. पर्यवेक्षक म्हणून बाई वर्गात शिरल्या की आधी भिंतीवरचा जगाचा नकाशा उलटा फिरवायच्या. पेपर गणिताचा असला तरी. मग कॅलेंडर उलटं. मग घड्याळाकडे संशयाने पाहायच्या, पण ते तेवढं राहू द्यायच्या. त्यांच्या मते कॉपी करणाऱ्यापेक्षा पुरवणारा जास्त वाईट, कारण तो मदत केल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतो.

आता गुरुवारची गोष्ट सांगतो, कारण सगळं घडलं ते त्या रिवाजामुळे. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे गुरुवार हा आठवड्याचा शेवटचा दिवस. गुरुवारच्या शेवटच्या तासाला अकरावीतल्या कुणीतरी एक फळ आणून टेबलावर रुमालाखाली झाकून ठेवायचं. बाई यायच्या, खणातून प्लास्टिकची एक फाइल काढून फळाच्या शेजारी ठेवायच्या आणि रुमाल उचलायच्या. फाइलमध्ये त्यांचा राजीनामा असायचा. टाइप केलेला, सही केलेला, फक्त तारखेची जागा मोकळी. ज्या दिवशी फळ मला हरवेल त्या दिवशी मी तारीख घालीन, असं त्यांनी फार वर्षांपूर्वी एका वर्गाला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून दर वर्षीचा वर्ग पुढच्या वर्गाला ते सांगत आला होता. नियम पक्के होते. फोन नाही, पुस्तक नाही, कुणी सुचवायचं नाही. लागला तर एक आठवडा मुदत. आणि नाव कळल्याशिवाय फळ तोंडात घालायचं नाही. हा नियम सगळ्यात कडक. नाव कळलं की फळ वर्गाने वाटून खायचं. एका आठवड्याची मुदत त्यांनी माझ्या माहितीत एकदाही घेतली नव्हती.

राजीनाम्याची ती गंमत आम्हाला वाटायची, बाईंना नाही. साठी उलटल्यावर इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दरसाल शाळेच्या पत्रावर नूतनीकरण होऊन यायचा. सांगलीचा भाचा दर शुक्रवारी फोन करून म्हणायचा, आत्या, पुरे आता. यजमान जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाई त्याला म्हणायच्या, फळ हरवू दे, येते. डोकं चालतंय तोवर शिकवायचं, आणि चालेनासं झालं की दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच उठायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता. विसरायला लागलेली एक म्हातारी मास्तरीण त्यांनी जवळून पाहिली होती. ती त्यांची आई.

आणि या असल्या बाईंसमोर ते फळ नेऊन ठेवलं मी.

इथल्या राई नावाच्या भागात गोदामाएवढं एक चिनी मार्केट आहे. तिथे इस्त्रीच्या टेबलापासून झुंबरापर्यंत सगळं मिळतं. आम्ही नवराबायको इस्त्रीचं टेबल घ्यायला गेलो होतो. मागच्या बाजूला, इथे काम करणाऱ्या चिनी लोकांसाठी असेल, वाणसामानाचा एक नवा कोपरा निघाला होता, आणि तिथे एका टोपलीत काळ्या, चकचकीत, दोन्ही बाजूंना वळलेल्या शिंगांच्या वस्तू होत्या. हुबेहूब बैलाची मुंडकी, मुठीत मावतील एवढी. मला वाटलं, फ्रिजवर लावायची चुंबकं. मी एक उचललं आणि लोखंडी रॅकला चिकटतं का पाहिलं. ते खाली पडलं. विक्रेती बाई इतकी हसली की तिने शेजारच्या दुकानातल्या बाईला हाक मारली आणि मला पुन्हा तसं करून दाखवायला लावलं. मग तिने एक फळ दातांनी फोडून आतला पांढरा गर दाखवला. पाटी चिनी भाषेत. मी अर्धा किलो घेतलं.

गाडीत बसेपर्यंत बायकोने फोटो काढून फोनला विचारलं. फोन आधी म्हणाला वटवाघूळ. मग म्हणाला मिशी. तिसऱ्या खेपेला म्हणाला शिंगाडा. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या घरात नवरात्राचा उपास, स्वयंपाकघरात शिंगाड्याच्या पिठाची पिशवी, आणि लहानपणापासून त्या पिठाची थालीपीठं, शिरा, लाडू खाऊन वाढलेली आम्ही माणसं. पण आमच्यासाठी शिंगाडा म्हणजे पीठ. ते कुठल्या तरी फळाचं असतं, आणि त्या फळाला शिंगं असतात, हा विचार कधी मनात आला नव्हता. विदर्भातला कुणी हे वाचत असेल तर तो हसेल. तिकडे तळ्यांत शिंगाडा पिकतो आणि उकडून हातगाडीवर मिळतो. बायको इतकी हसली की तिने सीटबेल्ट सोडला. इतकी वर्षं घरात राबतोय बिचारा, म्हणाली, आणि तोंड आज पाहतेय.

शपथेवर सांगतो, बाईंना हरवायचं माझ्या मनात नव्हतं. पाण्यातल्या वनस्पतींचा धडा त्या दरवर्षी शिकवायच्या, आणि त्या धड्यात शिंगाडा आहे, ट्रापा या नावाने. त्याची आकृती त्या डोळे मिटून फळ्यावर काढायच्या. मला वाटलं, रुमाल उचलल्याबरोबर त्या माहेर सांगतील, मुलं फोडून खातील, मजा येईल.

त्या गुरुवारी नवरात्राची दुसरी माळ होती. बाईंचा नऊ दिवसांचा उपास. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी फाइल ठेवली, रुमाल उचलला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाची गं तू. मग हातात घेऊन फिरवलं. शिंगांना बोट लावलं. वास घेतला. भिंग काढलं. वर्ग वाट पाहत होता. मला वाटलं, बाई मुद्दाम ताणतायत. मग त्यांनी फळ टेबलावर ठेवलं, परत उचललं, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा मला कळलं की हे ताणणं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या की मुदत हवी, पुढचा गुरुवार.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. बाईंना रोज मीच गाडीतून घरी सोडायचो. ते फळ त्यांच्या मांडीवर. सिग्नलला त्या ते उन्हात धरून पाहायच्या. शुक्रवारी आमच्याकडे फराळाला आल्या तेव्हाही ते बरोबर होतं. बायकोने थालीपीठ वाढलं. बाईंनी फळ ताटाच्या शेजारी ठेवलं, थालीपिठाचा तुकडा मोडला, चावता चावता फळाकडे पाहून म्हणाल्या, कोण आहेस बाई तू, बोल तरी. बायको पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत बसली. तिला यायला वेळ लागला म्हणून बाईंनीच आवाज दिला, थालीपीठ हलकं झालंय, पीठ कुठलं.

"शिंगाड्याचं," आतून बायको म्हणाली.

"ते कळलं गं. दुकान कुठलं?"

मी खाली मान घालून जेवत राहिलो. ज्याचं थालीपीठ खाताय तोच तो, एवढं एक वाक्य. जिभेवर होतं. पण ते बोललो असतो तर बाईंनी त्याच ताटावरून उठून राजीनाम्यावर तारीख घातली असती, कारण सांगितलेलं उत्तर म्हणजे न आलेलं उत्तर.

रविवारी मात्र मला राहवलं नाही. मी एका चिठ्ठीवर तो एक शब्द लिहिला, चार घड्या घातल्या आणि बेसिनपाशी बाई हात धूत असताना त्यांच्या उघड्या पर्समध्ये टाकली. वर पाहिलं तर त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या. पर्स बंद केली. त्या दिवशी परतताना त्या गाडीत पुढे न बसता मागे बसल्या. सोमवारी मागे. मंगळवारीही मागे. शाळा ते घर असं अंतर ते किती, पण मला ते रोज वाढल्यासारखं वाटायचं.

त्यांचा तपास चालूच होता. एक फळ कापून त्यांनी आतला गर बशीत वाळत ठेवला. एकच बी आहे, म्हणाल्या. ही शिंगं म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखालच्या निदलांचे अवशेष असणार. सालीला चिखलाचा वास आहे, म्हणजे पाणथळ. आयोडिन टाकलं, गर निळाकाळा झाला. इतक्या जवळ जाऊन त्या परत फिरायच्या, आणि मी भिंतीपलीकडे परीक्षानळ्या फोडायचो. तीन फुटल्या. मुलं मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी यायची आणि परत जायची. सकीना रोज यायची. ती दारात उभी राहून फळाकडे बघायची, बाईंकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटून निघून जायची. तिला बाईंची काळजी वाटत असेल, असं मला वाटलं.

बुधवारी संध्याकाळी बाईंनी माझ्यासमोर फाइल उघडली आणि तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं सुरेख. मला म्हणाल्या, बघ, हात थरथरला नाही. आणि त्या दिवशी गाडीत पुढे बसल्या. ते मला जास्त लागलं. मी कुवेतला आलो ते पहिलं वर्ष, बायकोचा व्हिसा झाला नव्हता, तेव्हा हीच बाई रोज डबा आणायची. तिकडे वडील गेले आणि मला वेळेवर पोचता आलं नाही, त्या संध्याकाळी बाई माझ्या खोलीवर येऊन बसल्या आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता आमच्या गावात कुठली कुठली झाडं आहेत ते विचारत राहिल्या. चिंच कुठे, वड कुठे, वडिलांनी लावलेलं झाड कुठलं. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता रडलो. अशा माणसाला मी एका चिनी टोपलीतून अर्धा किलो निरोप आणून दिला होता.

गुरुवारी, नवव्या माळेला, सकाळी साडेपाचला फोन वाजला. बाईंच्या आवाजाला धार होती. म्हणाल्या, गाडी काढ आणि प्रयोगशाळेची किल्ली घे. मी लेंग्यावरच निघालो.

बाई इमारतीखाली उभ्या होत्या, एका हातात बशी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, दोन्ही हात पिठाने माखलेले. शाळेत पोचल्यावर त्यांनी दोन काचपट्ट्या तयार केल्या, दोन सूक्ष्मदर्शकांखाली लावल्या आणि मला म्हणाल्या, दोन्ही बघ आणि फरक सांग. मी पाहिलं. स्टार्चचे कण. दोन्हीकडे तेच आकार, तीच मापं. उजवीकडच्यात मधूनमधून वेगळे काही कण होते, तेवढे सोडले तर फरक नव्हता. मी तसं सांगितलं.

"ते वेगळे कण मक्याचे. दुकानदाराने भेसळ केलीय, त्याच्याकडे नंतर बघते," बाई म्हणाल्या. "डावीकडे ही, बशीतली. उजवीकडे माझं उपासाचं पीठ."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. बाईंना मोठ्याने हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पिठाचे हात तोंडावर नेऊन, पांढऱ्या मिशा उमटवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. थालीपिठासाठी पीठ मळायला घेतलं होतं त्यांनी. बशीतला वाळलेला गर सहज चिमटीत धरून चुरडला, आणि बोटांना कळलं. डोळ्यांना सात दिवस कळलं नव्हतं, नाकाला नाही, डोक्याला तर नाहीच. पण चाळीस वर्षं तेच पीठ मळणाऱ्या बोटांना एका चिमटीत कळलं. नऊ दिवस हिलाच खातेय, म्हणाल्या, आणि हिलाच विचारतेय कुणाची तू.

हसून झाल्यावर त्यांनी हात धुतले, पर्स उघडली आणि माझी चिठ्ठी काढली. चार घड्या तशाच. रविवारपासून ती पर्समध्ये होती. त्यांनी ती माझ्यादेखत पहिल्यांदा उघडली, वाचली आणि म्हणाल्या की उत्तर बरोबर, एक मार्क. कॉपी पुरवल्याबद्दल एक वजा. हिशेब मला मान्य होता. उत्तर हाताशी असून चार दिवस या बाईने घडी मोडली नव्हती.

शेवटच्या तासाला वर्ग गच्च भरला होता. दारात बारावीची मुलंही होती. बाईंनी फाइल ठेवली, फळ ठेवलं आणि फळ्यावर ट्रापाची आकृती काढली, नेहमीची, डोळे मिटून. तरंगती पानं, फुगीर देठ, केसाळ मुळं. आणि पानांखाली फळ म्हणून एक गुळगुळीत गोल. मग त्या वळल्या आणि मुलांना सांगितलं की ही आकृती मी माझ्या बाईंच्या वहीतून उतरवली, त्यांनी त्यांच्या मास्तरांच्या. तीस वर्षं शिकवली. फळ कधी पाहिलं नाही. ते घरात होतं, पण पीठ होऊन. आज ओळखलं, ते मास्तरणीने नाही, स्वयंपाक करणाऱ्या हातांनी. तेव्हा मास्तरणीला शून्य आणि हातांना एक. दोघींची सरासरी, अर्धा मार्क.

वर्गात कुजबुज झाली. मागून एकाने हात वर केला आणि विचारलं की अर्धा मार्क असतो का. बाई म्हणाल्या, आजपासून असतो. पुढच्या क्षणी जे झालं ते शाळेत पुन्हा कधी झालं नाही. पस्तीस मुलांनी एकदम दप्तरं उघडली. घटक चाचणीचे पेपर, मागच्या वर्षीचे पेपर, एकाने तर थोरल्या भावाचा पेपर आणला होता. सगळे अर्धा अर्धा मार्क मागायला टेबलाकडे धावले. दारातली बारावी आत घुसली. मुख्याध्यापक गोंगाट ऐकून आले आणि त्यांना काही कळेना म्हणून तेही रांगेत उभे राहिले. मुलांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली की अर्धा म्हणजे पास की नापास. बाईंनी फाइलमधला कागद काढला, तारखेवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, पुढील फळापर्यंत. मी तोंड भिंतीकडे केलं, कारण मला रडू येत होतं आणि हसूही.

मग बाईंनी हात वर केला, सगळे शांत झाले, आणि त्यांनी सकीनाला चाचणीचा पेपर घेऊन बोलावलं. ती एकटीच जागेवर बसून होती. तिने पेपर आणून टेबलावर ठेवला. त्यावर ट्रापाची आकृती होती, पानं, देठ, मुळं सगळं बाईंच्यासारखं. फक्त फळ गोल नव्हतं. त्याला दोन शिंगं होती. त्यावर बाईंची लाल काट आणि तो शेरा: हे फळ आहे की बैल?

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"आणि आठवडाभर रोज दारात येऊन गेलीस. मी राजीनामा देणार हे माहीत होतं. बोलली का नाहीस?"

सकीना खाली बघत म्हणाली, "कॉपी झाली असती ना, बाई."

बाईंनी पर्समधून भिंग काढलं, पेपरावर धरलं आणि तसंच बाजूला ठेवलं. डोळे भरल्यावर भिंगाचा काय उपयोग. मग लाल पेन उघडून त्यांनी काट खोडली, समोर पूर्ण मार्क लिहिला आणि जुन्या शेऱ्याच्या खाली नवीन शेरा लिहिला. मी शेजारीच होतो, मला दिसला. 'फळच आहे. बैल मी.'

वर्गाला राहवेना. काय लिहिलंय, काय लिहिलंय, सगळे दुभाषीला विचारू लागले. सकीनाने तो शेरा दोनदा वाचला. एकदा बाईंकडे पाहिलं. मग वर्गाकडे वळून, नेहमीच्याच गंभीर चेहऱ्याने, तिने सांगितलं की बाईंनी आकृती छान आहे असं लिहिलंय.

भाषांतर साफ चुकीचं होतं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि ते तसंच जाऊ दिलं.